‘पोटच्या पोरीसारखी’मधला ‘सारखी’

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. वडील ऊसतोडीला नाहीतर गवंड्याच्या हाताखाली, मुलगी शहरात मामाकडे राहून शिकली, नव्वदच्या वर टक्के, फोटोत मामा-मामी पेढा भरवताहेत. तिच्यावरून होणारा वादही ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, बघा, अजून नाती शिल्लक आहेत, सरकारच्या तोंडाकडे न बघता माणसं नातलगांची पोरं उभी करतात. दुसरी म्हणते, फोटोग्राफरने जरा पहाटे साडेपाचला जाऊन त्या घरात कणीक कोण मळतंय ते बघावं. मग पहिली दुसरीला कृतघ्न ठरवते, दुसरी पहिलीला ढोंगी, आणि सगळं भांडण मामाच्या मनात काय होतं यावर येऊन अडकतं. मामाचं मन यांना कळणार नाही, त्यांनाही नाही. कळलं तरी त्या मुलीचा दिवस तसाच उगवतो आणि तसाच मावळतो. बोलायला हवं ते अटींबद्दल, आणि नेमकं तेवढंच कुणी बोलत नाही. सुस्थितीतल्या नातलगांकडे गरीब घरची मुलगी शिकायला ठेवण्याची रीत मोडायचं काही कारण नाही. पण ती आधी बोलून, मोजून आणि वहीत लिहून चालवली पाहिजे. अटी न बोलता व्यवहार झाला की त्यातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर तो शेकतो, आणि इथे सगळ्यात दुबळी असते ती तेरा-चौदा वर्षांची मुलगी.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. गावातली शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढची शाळा सहा-सात किलोमीटरवर आणि सकाळची एसटी आली तर आली. मुलगी वयात आली की त्या वाटेवर तिला एकटीला धाडताना आईबापाचा पाय मागे पडतो, आणि तो उगाच पडत नाही. वसतिगृहात जागा मोजक्या, अर्ज जास्त. अशा वेळी मामाचं, मावशीचं घर नसतं तर कितीतरी मुलींची शाळा सातवीलाच सुटली असती. दुसरं, काम गावातही सुटलेलं नव्हतंच. पाणी, शेण, धाकट्या भावंडाला कडेवर घेणं, सुट्टीच्या दिवशी आईबरोबर खुरपणी. त्यामानाने शहरात नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे. आणि ज्या घरात सगळेच हात चालतात तिथे भाचीने चार भांडी घासली म्हणून ती मोलकरीण होत नाही. कामाचा शब्द निघाला रे निघाला की ‘बालमजुरी’ म्हणून ओरडणाऱ्यांनी हे ऐकून घेतलं पाहिजे.

मग फरक ओळखायचा कशावरून? तासांचा हिशोब मांडून बघू. पाच माणसांच्या घरात सकाळचे डबे आणि जेवण धरून वीस-बावीस पोळ्या लागतात, म्हणजे अर्धा किलोच्या आसपास कणीक. मळून वीस मिनिटं मुरायला ठेवायची, मग लाटण्या-भाजण्यात पाऊण तास. त्यात भाजी चिरणं-फोडणीला टाकणं, डबे भरणं, ओटा पुसणं मिळवलं की दीड तास झाला. संध्याकाळी कुकर, पानं घेणं, मागचं आवरणं, भांडी, हा आणखी सव्वा तास. मधे धाकट्या मामेभावाचा अभ्यास घेणं आणि ‘जरा खालच्या दुकानातून’ आणणं. साडेतीन तास सहज होतात. याला राबवणं म्हणायचं का? नुसत्या तासांवरून सांगता येत नाही. परीक्षेच्या आठवड्यात बघावं. घरच्या मुलीची परीक्षा आली की तिचं काम सुटतं. भाचीची परीक्षा आली की ती पहाटे चारला उठते, कारण काम तेवढंच राहतं आणि अभ्यासाचा वेळ झोपेतून कापावा लागतो. दुसरी खूण झोपण्याच्या जागेची. भाचीचं अंथरूण बहुतेक घरांत हॉलमधल्या दिवाणावर. म्हणजे रात्री टीव्ही बंद होईल तेव्हा तिची रात्र सुरू होणार आणि सकाळी घरातला पहिला माणूस उठला की संपणार. घरात सगळ्यात कमी झोप तिची, आणि त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, फक्त दिवाण हॉलमध्ये आहे. तिसरी खूण कपाटाची. तीन वर्षं राहूनही जिचे कपडे दिवाणाखालच्या बॅगेतच असतात, जिला स्वतःचा एक कप्पा नाही, ती त्या घरात राहत नाही, मुक्कामाला असते. आणि चौथी खूण बोलण्यात. आल्या-गेल्याला ओळख करून देताना ‘ही आमच्याकडे असते, पोटच्या पोरीसारखी आहे हो’ असं सांगतात. पोटच्या पोरीला कुणी पोटच्या पोरीसारखी म्हणतं का?

इथे मामीला झोडपायची आपल्याकडे फार जुनी हौस आहे, म्हणून एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. बहिणीला शब्द देतो मामा, पेढ्याच्या फोटोत मधोमध असतो मामा, आणि आणखी एका माणसाचं जेवण, आजारपण, पाळी, चिडचिड, वयात येणं हे सगळं निस्तरते मामी. तिला विचारलेलं नसतं, सांगितलेलं असतं. भाचीला बोलवण्याची वेळही बघावी: मामीला नोकरी लागली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, दुसरं बाळंतपण आलं. अशा वेळी ‘तिचं शिक्षणही होईल’ या वाक्यातला ‘ही’ बराच भार उचलत असतो. घरातल्या एका बाईचं बिनमोल काम दुसऱ्या, अजून वयाने न वाढलेल्या बाईकडे सरकतं आणि औदार्याचं खातं मात्र पुरुषाच्या नावावर.

आपल्या समाजाने हा प्रश्न पूर्वी पाहिलेलाच नाही असंही नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, सात वार सात घरं. त्यात लाचारी होती, शिळंपाकं होतं, पंगतीच्या टोकाचं पान होतं. पण एक गोष्ट चांगली होती: उपकार सात ठिकाणी वाटला जाई. एका घरी बोलणी बसली तर सहा घरं उरत, आणि जेवून उठलं की तो मुलगा त्या घराचा कुणी लागत नसे. मुलीला वार लावून कुणी धाडलं नाही. तिच्या वाट्याला सातही दिवस एकच घर आलं, तेही नात्याचं, म्हणजे हात धुऊन उठून जाण्याची सोय नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. त्या काळच्या बालविधवांना काय नातलग नव्हते? दीर होते, भाऊ होते, भरलेले वाडे होते. दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर वाड्यातही मिळत होतं. मिळत नव्हती ती बाहेर पडण्याची वाट, आणि रमाबाई-कर्व्यांनी बांधली ती तीच. तिकडे साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात मुलं झाडलोट करत, स्वयंपाक करत, शेतात राबत. मामाच्या घरात भाचीच्या हाती असतो तोच झाडू तिथेही होता. तिथे त्याला नाव होतं, वेळ होती, पाळी होती, आणि मुलगा आपलं शिक्षण कमावतोय हे सगळ्यांना मान्य होतं. इथे त्याच झाडूला ‘थोडीफार मदत’ म्हणतात. कमाई संपते तेव्हा माणूस मोकळा होतो. मदतीची फेड किती झाली हे कोण सांगणार?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ‘कायदा लावा’ म्हणणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो. घरकामाला १४ वर्षांखालचं मूल ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पण बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मुलाने कुटुंबाला केलेली मदत बंदीतून वगळली, आणि कुटुंब म्हणजे कोण तेही सांगून ठेवलं: आई, वडील, भाऊ, बहीण, आत्या, काका, मावशी, मामा. म्हणजे ज्या चार घरांत मुलगी ठेवली जाते तीच चार घरं सुटली. मजूर म्हणून कायदा तिला ओळखत नाही. बरं, मुलगी म्हणून ओळखतो का? तर तेही नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात आश्रितांची जी यादी आहे तिच्यात भाची बसत नाही. हिंदू वारसा कायद्यात ती वर्ग दोनमध्ये चौथ्या ओळीत आहे; मामाची बायको, मुलं, आई यांपैकी कुणीही असलं तर तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. दत्तक घ्यावं म्हटलं तर त्याच १९५६च्या कायद्याने, स्वतःची मुलगी हयात असलेल्या मामाला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याने नातलगातल्या दत्तकाची वेगळी वाट काढली आहे, पण ती चालून जाणारं घर क्वचित, कारण मुलीच्या आईबापाला मुलगी शिकवायची असते, देऊन टाकायची नसते. मामा कितीही प्रेमळ असो, तो तिचा कायदेशीर पालक नाही. नोटरीपुढे केलेल्या कागदानेही होत नाही. त्यासाठी १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाचा आदेश लागतो. अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी दवाखान्यात पालकाची सही मागितली की हे एकदम आठवतं, आणि आई दोनशे किलोमीटरवर असते. एक कायदा मात्र तिच्या उपयोगाचा आहे आणि तो कुणाला सुचत नाही: २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यातलं घरगुती नातं नवरा-बायकोपुरतं नाही, एका घरात राहिलेल्या रक्ताच्या नात्यालाही तो लागू आहे. पण कोणती भाची मामावर अर्ज करणार? अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई माहेराला मुकते.

म्हणूनच म्हणतो, कायद्याच्या आधी कागद हवा. याचं एक लांबचं उदाहरण बघण्याजोगं आहे. अठराव्या शतकात इंग्लंडचा सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड याच्याकडे, लंडनजवळच्या केनवुडच्या हवेलीत, त्याच्या दोन नाती वाढल्या. एक एलिझाबेथ मरे, उमराव घराण्यातली. दुसरी डायडो बेल, भाच्याला गुलाम आफ्रिकन स्त्रीपासून झालेली मुलगी. दोघी बरोबरीने वाढल्या. पण एलिझाबेथला वर्षाला १०० पौंड हातखर्च आणि डायडोला साधारण ३०. पाहुणे आले की डायडो जेवायला बसत नसे, जेवणं झाल्यावर कॉफीला येई. १७७९ साली तिथे जेवायला गेलेल्या एका पाहुण्याने हे रोजनिशीत टिपून ठेवलंय. दुग्धालय आणि कोंबड्यांची देखरेखही तिच्याकडे. आपल्याकडच्या दिवाणाखालच्या बॅगेचाच हा इंग्रजी अवतार. पण त्या म्हाताऱ्या न्यायाधीशाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आपण डोळे मिटले की आपली माया संपणार. त्याने मृत्युपत्रात तिला ५०० पौंड रोख आणि वर्षाला १०० पौंडांची नेमणूक लिहून ठेवली, शिवाय ती स्वतंत्र आहे हेही स्पष्ट नोंदवलं. एलिझाबेथला १० हजार मिळाले, म्हणजे भेद राहिलाच. तरी १७९३ साली तो गेल्यावर डायडोला कुणाच्या मर्जीवर जगावं लागलं नाही, ते त्या लिहिलेल्या ओळींमुळे.

लिहिण्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप असा की नात्यात वही आली की माया आटते; आणि अटी घालू लागलात तर मामा सरळ म्हणेल, ‘नको ती भानगड, ठेवतच नाही.’ दुसरा भाग खरा आहे. काही घरं खरोखर नाही म्हणतील. पण दोन तासांच्या कामाची मर्यादा ऐकून जे घर माघार घेतं ते कशासाठी मुलगी ठेवणार होतं हेही त्याच क्षणी कळतं, आणि जूनआधी कळतं हे बरं. पहिला भाग मात्र कुणा मराठी माणसाने बोलू नये. आपण लग्नात आहेराची वही ठेवणारी माणसं आहोत. अमक्या आत्याने १०१ रुपये आणि खणाचा तुकडा, तमक्या काकांनी स्टीलचा डबा, हे सगळं भावाच्या एखाद्या पोराने मांडवात मांडी घालून लिहिलेलं असतं, आणि वीस वर्षांनी त्यांच्या घरच्या लग्नाला जाताना ती वही काढून बघितली जाते. त्याने माया आटली का? उलट कुणाचं काही राहून जाऊ नये म्हणून ती वही. भाचीच्या बाबतीतच तेवढी वही बोचते, कारण तिच्यात मामाच्या खात्यावर लिहिलेलं बरंचसं खोडावं लागेल.

धान्याचंच बघा. मुलीचा बाप गरीब असला तरी रिकाम्या हाताने येत नाही. ज्वारी, तांदूळ, शेंगा, उन्हाळ्यात आंबे, मामीला म्हणून एखादी बरणी लोणचं. मुलीचं रोजचं चारशे ग्रॅम धान्य धरलं तर वर्षाचं होतं १४६ किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन कट्टी. एसटीच्या टपावरून नाहीतर ओळखीच्या टेम्पोतून तीन कट्टी पोचली की तिच्या पोळी-भाताचा हिशोब मिटला. पण ती कट्टी ‘गावचा मेवा’ म्हणून घरात येतात आणि मुलगी ‘फुकट’ जेवते. वहीत तीन कट्टी लिहिली तर बापाची मान जरा वर होते. आणि त्या मानेवर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं, कारण दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे ठरवताना जो बाप ‘मामा म्हणतील ते’ एवढंच म्हणतो, त्याने मुलीचा शब्द तिथेच सोडलेला असतो.

बोलणी करायची ती मे महिन्यात, दाखला काढायच्या आधी. बसायचं आई, वडील, मामा आणि मामी यांनी, आणि मुलीनेही. तिला चहा करायला आत पाठवायचं नाही. मुदत आधी ठरवावी: दहावीपर्यंत की बारावीपर्यंत, आणि त्यानंतर काय. घोळ सुरू होतो तो बहुधा न ठरलेल्या मुदतीत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तोवर भाचीला मामेबहिणीपेक्षा जास्त गुण पडू लागतात आणि घरातली हवा गार होते. किंवा आत्याकडे ठेवलेल्या मुलीवर आतेभावाच्या नावाने हळूच ‘घरचीच सून’ची भाषा सुरू होते. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क ही आपल्याकडची जुनीच समजूत, म्हणून आत्याकडे ठेवताना हा विषय आईबापाने नाव घेऊन मिटवावा. काम कोणतं आणि किती वेळ, परीक्षेआधी किती दिवस सुटी, हे ओळीने लिहावं. महिन्याचा हातखर्च ठरवून एक तारखेला तिच्या हातात द्यावा, मग तो आईबापाने पाठवलेला असो की मामाने दिलेला. पॅडच्या पाकिटासाठी दर महिन्याला तिला मामीपुढे उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी तरी.

कागदपत्रांत तर हमखास चुका होतात. शहरातला पत्ता दाखवण्यासाठी मुलीचं नाव बापाच्या रेशनकार्डावरून कमी करून मामाच्या कार्डावर चढवतात. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य असतं. तेवढं बापाचं दर महिन्याला घटतं आणि मामाच्या पांढऱ्या कार्डावर काहीच वाढत नाही. पुढे उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी कुटुंब कोणतं हा घोळ होतो तो वेगळा. व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४पासून राज्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, आणि त्यात उत्पन्न धरतात ते आईबापाचं. नाव हलवू नये, मूळ दाखले आईकडे ठेवावेत, मामाकडे झेरॉक्स. बँकेत दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं. ते उघडून आधारला तेच जोडावं, कारण शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यातच पडते. आणि मोबाइल नंबर. अठराच्या आत सिमकार्ड मिळत नाही म्हणून सगळीकडे मामाचा नंबर दिला जातो. मग ओटीपी त्याच्याकडे, शिष्यवृत्तीचा संदेश त्याच्याकडे, कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, जागा मिळाल्याचं कळणार तेही त्यालाच. तो मीटिंगमध्ये असला आणि मुदत टळली तर हातची जागा जाते, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. सिम आईच्या नावाने घ्यावं आणि मुलीच्या फोनमध्ये घालावं.

परतीच्या वाटेचीही तजवीज हवी. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गावापर्यंतचे तेवढे पैसे कंपासपेटीत वेगळे ठेवावेत, आणि ते कधीही, न विचारता वापरायला मुभा आहे हे मामीच्या समोर सांगावं. वापरावे लागणार नाहीत बहुधा. पण भाडं जवळ असलेली मुलगी दिवाणावर वेगळी झोपते.

सरकारने काय करावं म्हणाल तर वसतिगृहं वाढवावीत, त्याला पर्याय नाही. ज्या मुलीला वसतिगृहही मिळू शकतं तिला मामा जपून वागवतो, हेही त्यातून साधतं. पण वसतिगृह बांधायला वर्षं लागतात आणि शाळेच्या प्रवेश अर्जात एक रकाना वाढवायला काहीच लागत नाही. मुलगी कुणाकडे राहते हे त्यात विचारावं आणि आईचा स्वतःचा नंबर घ्यावा. पालकसभेला मामा येवो न येवो, वर्गशिक्षिकेने सहामाहीत एकदा आईलाच फोन लावावा. आई बहुतेक रानात असेल, पदराने हात पुसून फोन घेईल, आणि बाईंचा आवाज ऐकून आधी घाबरेल. तिला घाईने टक्केवारी सांगू नये. मुलगी वर्गात पहिल्या तासाला पेंगते का, एवढं आधी सांगावं.